नावाड्याचा श्वास

उत्तनची बस भाईंदर पश्चिमेला येऊन थांबली की माणसांच्या आधी सुक्या बोंबलांचा वास खाली उतरतो. पाऊस संपून ऊन कडक झालं की हे सुरू होतं. पाट्या घेतलेल्या बायका उतरतात, शेजारचे नाकाला रुमाल लावतात, कंडक्टर कुरकुरतो, आणि मी स्टॉपवर उभी राहून तो वास पोटभर घेते. मासे मला फारसे आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गुहागरकडच्या माणसांची मुलगी असून मासे न आवडणं हा आमच्या घरात कायमचा वादाचा विषय होता. पण ह्या वासाचं वेगळं आहे. त्याच्याबरोबर माझ्यासाठी एक ऑक्टोबर परत येतो, आणि त्या ऑक्टोबरात माझे बाबा अजून बोलत असतात.

बाबांचा आवाज आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होता. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला आमची सोसायटी. बाबा आयुष्यभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर उभे राहिले. त्या घरघराटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि पुढे घरीही त्यांना हळू बोलणं जमेना. आई म्हणायची, "ह्यांनी कानात काही सांगितलं तरी वरच्या मजल्यावर कळतं." रिटायर झाल्यावर सोसायटीने पाण्याचा वॉल्व त्यांच्या ताब्यात दिला. नळाला पाणी आलं की ते खाली डक्टमध्ये, पाइपांच्या अरुंद बोळात उभे राहून, तोंड वर करून हाक द्यायचे, "पाणी आलंऽऽ." मग घराघरांतून बादल्या सरकल्याचे आवाज, आणि ऐकलं म्हणून सांगणारं वरच्या हंसाबेनचं ठरलेलं गुजराती उत्तर, "हा काका, सांभळ्युं." ही हाक ऐकून मी लहानाची मोठी झाले. तिच्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या पावसात ती हाक बसायला लागली. सर्दी आहे म्हणून काढा झाला, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. गणपतीत आरतीला बाबांनी नुसते ओठ हलवले. मग मुंबईतलं मोठं हॉस्पिटल, नळी घालून तपासणं, तुकडा काढून पाठवणं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आडपडदा ठेवला नाही. घशात गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज पूर्ण जाईल. गळ्याला एक भोक ठेवू, त्यातून श्वास. "आवाज वाचवत बसलो तर माणूस वाचणार नाही," तो म्हणाला. "दिवाळीच्या आत काय ते सांगा."

बाबांनी तिथल्या तिथे सांगितलं. "मग राहू दे."

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण ते दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. मी तेव्हा मीरा रोडला, नया नगरमध्ये इरफानभाईंच्या स्टुडिओत होते. स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडक्यांना डबल काच, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, फ्रीज बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या खोलीत बसणं म्हणजे वाफवून निघणं होतं. इरफानभाईंनी हिंदी सिनेमांना हयातभर पावलांचे, तलवारींचे आणि थपडांचे आवाज पुरवले होते. मग सिनेमाचं काम आटलं आणि परदेशातून व्हिडिओ गेमचं काम येऊ लागलं.

गेम न खेळणाऱ्यांसाठी सांगते. खेळणारा खेळत असतो, धावतो, मारतो, भिंतींवरून उड्या टाकतो. मधेच खेळ थांबतो आणि छोटा सिनेमा सुरू होतो, गोष्ट पुढे नेणारा. त्याला सिनेमॅटिक म्हणतात. तेवढा वेळ खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. आतापर्यंत सगळं त्याच्या बोटांवर चाललेलं असतं आणि एकदम तो नुसता बघ्या होतो. समोर त्याचा जिवलग मेला तरी त्याला काही करता येत नाही. चालतं ते एकच बटण, हे सगळं टाळून पुढे जायचं. "उसका अंगूठा उसी बटन पे है, बेटा," इरफानभाई म्हणायचे. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "चित्र नंतर दिसतं, आवाज पहले पहुँचता है. आपल्याला तो अंगठा थांबवायचाय." दिवसभर मी हे ऐकायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच बघ्या व्हायचे. बाबा समोर बसून पेपर वाचतायत, डॉक्टरची तारीख जवळ येतेय, आणि मी कुठलंही बटण दाबलं तरी काही होत नाहीये.

त्या ऑक्टोबरात आमच्याकडे आलेला सिनेमॅटिक एका नावाड्याचा होता. चित्र अर्धवट आणि मुकं असायचं. पुरी न घडवलेली माणसं, राखाडी, मातीच्या गणपतीला रंग लागायच्या आधी दिसतात तशी. लढाईत घायाळ झालेल्या एका तरुण सैनिकाला एक म्हातारा नावाडी नदीपार नेतो. उसळतं पाणी, वरून बाण. पलीकडे पोचल्यावर तो नाव ओढून किनाऱ्याला लावतो, सैनिकाला उचलून वाळूवर ठेवतो, आणि शेजारी बसल्या बसल्या मरून जातो. एवढंच. संवाद परदेशातल्या नटांनी बोलून झाले होते, तेही चार-पाच भाषांत. आमच्याकडे बाकीचे सगळे आवाज.

नावेच्या आवाजासाठी मी उत्तनच्या पुढे, चौकच्या कोळीवाड्यात गेले. रिक्षातून उतरले तेव्हा किनाऱ्यावर दोरीवर दोरी बोंबील वाळत होते, आणि वारा आला की ते एकमेकांना अगदी हळू घासत होते. जुन्या लाकडी होडीच्या पोटाला माइक लावून मी वाळूत बसले. एक म्हातारी कोळीण बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ आली. "काय ऐकतं गो तू? हितं तं काय वाजत न्हाय." मी हेडफोन तिच्या कानांना लावले. आतलं पाणी लाकडाला चाटत होतं, फळ्या कण्हत होत्या. तिने डोळे मिटून घेतले. "हाय," ती म्हणाली. "ही दमली हाय." मग मला बळंच मूठभर सुके बोंबील बांधून दिले. ते पुढे कामाला आले. बाण बरगडीत घुसतो तेव्हा जे मोडतं ते चौकचे बोंबील आहेत. दोन दिवस स्टुडिओला वास मारत होता, इरफानभाईंचा रोजा, आणि ते मला काही बोलूही शकत नव्हते, कारण आवाज झकास आला होता.

रमजानमुळे आमची रेकॉर्डिंगची वेळच बदलली होती. एरवी त्या गल्लीत दिवसा काम करणं अशक्य. पण रोज्याच्या दिवसांत दुपारी सगळं नया नगर निपचित पडायचं. हातगाड्या नाहीत, हॉटेलं बंद, पोरंसुद्धा सावलीला. ती शांतता आम्हाला सोन्यासारखी होती. एकच अडचण, इरफानभाईंचं रिकामं पोट. ते अशी काही गुरगुर करायचं की माइकमध्ये वाघ बसल्यासारखं ऐकू यायचं. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ते बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसायचे आणि आत माझ्याशी स्पीकरवरून बोलायचे.

घरी बाबा मात्र त्या दिवसांत कधी नव्हे इतके बोलत होते. घोगरं, फाटलेलं, मधेच हवाच निघायची, तरी थांबायचे नाहीत. दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी, टीव्हीशीसुद्धा. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, "तोंडाला कुलूप लावून जगायचं, ते कसलं जगणं? लोकं खुणा करतील माझ्याशी. मी काय लहान पोर आहे?" आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसायची, घासलेलीच परत. एक दिवस ती मला म्हणाली, "तू एवढं जगाचं भरून ठेवतेस. त्यांचं बोलणं ठेव की थोडं."

मला ते पटलं. रविवारी सकाळी मी टेबलावर माइक मांडला, पंखा बंद केला, आणि म्हटलं, "बाबा, बोला." बाबांनी आधी शर्ट बदलला. केस विंचरले. मग ताठ बसून सुरू केलं, "नमस्कार. माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील एका गरीब कुटुंबात झाला." पुढे सगळं असंच. रेडिओवर कोणीतरी मोठा माणूस बोलतो तसं, 'झालेले आहे', 'केलेले आहे'. आईचा उल्लेख 'माझी पत्नी' असा. आई दारात उभी राहून ऐकत होती, ती कपाळाला हात लावून आत गेली. मी सांगत होते, अहो, नेहमीसारखं बोला. ते म्हणायचे, "बोलतोय की." ते रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. आमच्या घरात ते कोणालाच ऐकवत नाही. दुःख होतं म्हणून नव्हे. ते बाबा नाहीतच.

त्याच आठवड्यात स्टुडिओत घरून फोन आला, मी कामात होते म्हणून इरफानभाईंनी उचलला. बाबांनी धापा टाकत निरोप दिला, तिला चकलीची भाजणी आणायला सांगा. फोन ठेवून इरफानभाई परत कॉम्प्युटरपाशी बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नावाड्याचे इफर्ट्स अजून मिळाले नाहीत."

इफर्ट्स म्हणजे शब्दांखेरीज माणसाच्या तोंडून जे निघतं ते सगळं. धापा, कण्हणं, वजन उचलताना अडलेला श्वास, ठसका. संवाद प्रत्येक भाषेत नवे भरतात, पण इफर्ट्स एकदाच आणि सगळ्यांना तेच. म्हणून त्यात एकही शब्द यायचा नाही, कुठल्याच भाषेचा. परदेशातल्या नटाने दिलेले फार गुळगुळीत होते, खुर्चीत बसून दिलेले. इरफानभाईंना काय म्हणायचंय ते मला कळलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या बाबांचा आजार तुम्हाला रेकॉर्ड करायचाय?" मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "नहीं बेटा. मला तो माणूस हवाय. तू नको म्हण, मी परत बोलणार नाही."

मी नको म्हटलं. आणि घरी जाऊन रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. बाबांनी ताटावरून मान वर केली. "कधी यायचंय?" त्यांनी विचारलं.

ते आले तेव्हा दुपार टळटळीत होती. इरफानभाईंनी दारात येऊन त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. स्वतःचा रोजा असून त्यांच्यासाठी लिंबूपाणी केलं होतं. आधी चित्र दाखवलं. बाबांनी चष्मा लावून ते मुकं, राखाडी चित्र दोनदा बघितलं आणि एकच शंका काढली, "ह्याला नाव काय?" नाव नव्हतं. कागदोपत्री तो नुसता 'बोटमन' होता. "वा," बाबा म्हणाले, "एवढं करतो बिचारा, आणि नाव नाही."

आत मी त्यांच्यासमोर माइक धरला. कपाटाला दोर बांधून दिला होता, खरंच ओढता यावा म्हणून. ईदसाठी आणलेल्या तांदळाची गोणी अर्धी करून ठेवली होती. पहिल्याच ओढीला बाबा म्हणाले, "हां, चल, जोर लाव." स्पीकरमधून इरफानभाई, "अंकल, शब्द नको." दुसऱ्यांदा, "आई गं." "अंकल, वो भी शब्द है." बाबा हसले. त्यांना न बोलता काही करताच येत नव्हतं. आयुष्यभर मशीनवर भांडी घासताना तोंड चालू ठेवलेला माणूस तो. हळूहळू मात्र जमत गेलं. दोर ओढला, गोणी छातीशी धरून उठले, वाकून खाली ठेवली. श्वास वर चढताना घशात काहीतरी अडायचं, त्याला वळसा घालून तो बाहेर यायचा. ते अडणं कोणत्याही नटाला आणता आलं नसतं. मी कामापुरती ऐकत होते, म्हणजे तसं स्वतःला सांगत होते.

"झालं," मी म्हटलं. "बसा आता."

"झालं कसं? तो मरतो ना शेवटी?"

मी म्हटलं, "ते मी जुळवून घेईन."

"कशातून जुळवणार? मला अर्धवट काम आवडत नाही गो. त्याचं मरण करायचंय, माझं कुठे करायचंय?"

पहिल्यांदा ते गावच्या नाटकात मरायचे तसे मेले. हात छातीवर, मोठा आ, आणि धाडकन भिंतीवर. बाहेरून आवाज आला, "अंकल, थोडा कमी मरो." आम्ही तिघंही हसलो, बाबांना हसता हसता ठसका लागला. तो ठसका ओसरेपर्यंत ते खाली फरशीवर बसले, पाठ गादीला टेकवली आणि मला मानेनेच खूण केली, सुरू कर. मग त्यांनी श्वास सोडला. लांब, बारीक, काही न धरून ठेवता. आणि थांबले. माझ्या कानांवर हेडफोन होते आणि त्यात नुसती खोली ऐकू येत होती. मी पुढच्या श्वासाची वाट बघत होते. तो येत नव्हता. ते समोर बसलेत, डोळे उघडे आहेत, हे मला दिसत होतं, तरी मी मनात आकडे मोजायला लागले. माइक हलला असता म्हणून मी मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. मग त्यांनी श्वास आत घेतला आणि विचारलं, "आलं का नीट?" मला रडू आवरेना. बाबा अवघडून म्हणाले, "अगो, खेळातला आहे तो."

इरफानभाईंनी सगळं चित्राला जोडून त्यांना ऐकवलं. बाबा हेडफोन लावून बसले. ती राखाडी आकृती वाकली, ओढू लागली, धापा टाकू लागली, आणि एकदम तिच्यात माणूस आला. बाबा स्वतःला बघत नव्हते, त्या नावाड्याला बघत होते. संपल्यावर हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "लोकांना कळेल ह्याला काय झालंय ते?"

"अंकल, जिसके कान हैं उसको समझेगा. जपानमधल्याला पण."

"मी तर काहीच बोललो नाही."

"बोलायचं नव्हतंच," मी म्हटलं.

"तरी कळतंय," ते म्हणाले. "दमलाय. भ्यालाय. आणि त्या पोराला सोडून जाववत नाहीये." मग त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला.

घरी येताना रिक्षात ते बाहेर बघत बसले होते. मी त्यांच्याकडून काही ऐकायची आशा सोडली होती. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "त्या डॉक्टरचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव." मी विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, "लाव म्हटलं ना." रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. एवढ्या घोगऱ्या आवाजातही ते त्याला दरडावल्यासारखं वाटलं असेल.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, ते त्यांनी एकदाच लावलं. मिक्सर लावल्यासारखा आवाज आला, ते त्यांनी कपाटात टाकलं ते टाकलंच. पाण्याचा वॉल्व मात्र सोडला नाही. पाणी आलं की डक्टमध्ये उभे राहून स्टीलच्या ताटावर डाव आपटायचे, आणि हंसाबेन वरून ओरडायची, "हा काका, सांभळ्युं." लोकांनी खुणा केल्या की चिडायचे. ऐकू येतं मला, असं हाताने कानाकडे दाखवायचे. भांडण झालं की आई पाठ फिरवून उभी राहायची, म्हणजे त्यांना काही सांगताच येऊ नये. मग ते तिच्यापुढे जाऊन उभे राहायचे. सोपं नव्हतंच ते. पण बाबा होते.

तो खेळ आता कोणी खेळत नाही. त्यातले सिनेमॅटिक लोकांनी इंटरनेटवर टाकून ठेवलेत, मी कधीतरी बघते. जर्मन बोलणारा नावाडी आहे, स्पॅनिश बोलणारा आहे, मला न ओळखता येणाऱ्या भाषेतला आहे. बोलणं थांबून तो नाव ओढायला लागला की प्रत्येकात आमचे बाबा. हंसाबेन गेली, इरफानभाई आता मुलाकडे असतात, बाबा जाऊनही काही पावसाळे झाले. बोंबलांचा वास यायला लागला की मला त्या सगळ्यातून एकच सकाळ जास्त आठवते, ऑपरेशनची.

आई बाहेर बाकावर बसली होती, ओठ हलत होते. बाबांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं आणि मी बरोबर चालू लागले. त्यांचा आवाज त्या दारापर्यंतच आहे हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. रेकॉर्डर मी मुद्दाम नेला नव्हता, माइक दिसला की ते पुन्हा 'नमस्कार' म्हणाले असते. काहीतरी विचारावं, त्यांनी काहीतरी सांगावं असं फार वाटत होतं, आणि काय विचारायचं तेच सुचत नव्हतं. दार आलं. वॉर्डातल्या माणसाने ते पाठीने ढकललं. बाबांनी मान उचलली आणि माझ्या खांद्यावरून मागे, खोलीकडे पाहिलं.

"माझ्या चपला उचलून ठेव गो," ते म्हणाले. "नव्या आहेत. कोणीतरी घालून जाईल."

मी "हो" म्हटलं. दार लागलं.

मी परत गेले. चपला कॉटखाली होत्या. त्या पिशवीत घालाव्यात हेही सुचलं नाही, तशाच हातात धरून आईशेजारी येऊन बसले. आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. तिने चपला माझ्या हातातून घेतल्या, मांडीवर ठेवल्या, आणि पदराने त्यांच्यावरची धूळ पुसायला लागली.